सतरा नंबरचा चेहरा

६ जानेवारी, सोमवार

पोचले एकदाची. गाडी दोन तास उशिरा पुण्यात शिरली, तरी अक्षता फलाटावर उभी होती. इथल्या मुली स्कूटर चालवताना गुंडाळतात तसा स्कार्फ डोक्यापासून गळ्यापर्यंत. नुसते डोळे दिसत होते. मी बॅगेसकट तिला मिठी मारली. दीड वर्षानं भेटत होतो. नागपूरला रत्नपरीक्षेच्या वर्गात आम्ही एका बाकावर बसायचो, तिचे बाबा गेले तेव्हा मी महिनाभर तिच्या घरी राहिले. आता तिनंच मला ही नोकरी मिळवून दिली. घसा बसलाय आणि चेहऱ्याला अ‍ॅलर्जी झालीये, असं तिनं मोबाइलवर लिहून दाखवलं. त्यामुळे धायरीला मालकांच्या घरी पोचेपर्यंत सगळी बडबड माझीच. मला सोडून ती लगेच मांजरी गावातल्या तिच्या खोलीवर गेली, चहालाही थांबली नाही.

मालक हिंमतराव, सत्तरीचे, घरात एकटेच. मला मागची खोली दिलीये, खिडकीशी पेरूचं झाड आहे. स्वयंपाकाला कांताबाई येतात. भाजीत सांबार जास्त टाका म्हटलं तर त्या हसत सुटल्या. इथे कोथिंबीरच म्हणायचं. आईला फोनवर सगळं सांगितलं. मागून पूर्वा, माझी धाकटी बहीण, ओरडली, मैत्रीताई, माझ्यासाठीही तिकडे काम बघ.

८ जानेवारी

काम कसलं, चैनच आहे. हिंमतरावांच्या आजोबांपासून जमवलेले तेवीस कॅमिओ आहेत. शिंपल्याचा पांढरा थर कोरून केलेले बायकांचे चेहरे, सगळे एका बाजूनं पाहणारे. मागे तपकिरी थर, भोवती सोन्याची चौकट. आधी खरे की प्लास्टिकचे ते पाहायचं. उजेडासमोर धरला की शिंपला उजळतो आणि चेहरा सावलीसारखा उमटतो. पाठ किंचित खोलगट लागते. भिंगाखाली हत्याराचे बारीक ओरखडे दिसतात. साच्यातून काढलेल्या मालाला ते नसतात. तेवीसही खरे निघाले.

शिंपला कोरडा पडला की तडकतो. म्हणून कपाटात पाण्याची वाटी ठेवायची, आणि अधूनमधून तेलाचा हात. तेल मऊ ब्रशनं लावायचं असं आम्ही शिकलो. हिंमतरावांना ते पटत नाही. म्हणाले, "बोटानं लावा. ब्रशला माया नसते." बाकीच्यांना महिन्यातून एकदा, सतरा नंबरला मात्र रोज.

सतरा नंबरचं नाक थेट अक्षतासारखं आहे. गंमत म्हणून तिला फोटो पाठवला. तिनं पाहिला, पण उत्तर आलं नाही.

१३ जानेवारी

चेहरा पाहून उघडणारा माझा मोबाइल सकाळपासून उघडत नाहीये. शेवटी आकडे घालून उघडला. काच खराब झाली असेल.

दुपारी सतराला तेल लावताना भिंग धरलं. मी लहानपणी सायकलवरून पडले होते, नाकावर त्याचा खळगा आहे. तसाच खळगा सतराच्या नाकावर आहे. आठ तारखेच्या फोटोत तो नाही. दोनदा ताडून पाहिलं.

मग आरशासमोर गेले. माझ्या नाकावरचा खळगा गेलाय. नाकच जरा बसल्यासारखं वाटतंय. हवा कोरडी आहे, सर्दी असेल, असं मनाला सांगतेय.

१६ जानेवारी

आईला व्हिडिओ कॉल केला. तिनं पाहिलं आणि विचारलं, "आपण कोण? मैत्रीला द्या ना जरा." मी हसून कॅमेरा बंद केला. आवाज ऐकून तिला ओळख पटली. पण फोन ठेवताना ती पूर्वाला सांगत होती की तिथे आधी कोणीतरी दुसरीच बाई बोलत होती.

आजपासून सतराला हात लावणार नाही.

१८ जानेवारी

दोन दिवस तेल लावलं नाही. आज जेवताना गालात चरचरलं. कानापासून हनुवटीपर्यंत केसाएवढी चीर पडलीये. रक्त नाही. आत पांढरं दिसतंय.

कपाट उघडलं. सतराच्या गालावर तीच चीर. बोटानं तेल लावलं तशी कळ थांबली.

म्हणजे लावणं बंद करता येणार नाही.

१९ जानेवारी

हिंमतरावांना विचारलं. त्यांनी पेपर खाली केला नाही की नाकारलंही नाही. म्हणाले, शिंपला जिवंत राहायला चेहरा लागतो. कितीही लांब गेलात तरी सुटका नाही, आणि फोडलात तर चेहराही फुटेल. अक्षतानं दीड वर्ष निगा राखली, मग आपल्या जागी माणूस आणून दिलं. "तुम्हीही आणा. आपण होऊन आलेलं हवं, एवढंच. आणि चहा घ्या, निवतोय."

माणूस आणून दिलं. म्हणजे मी.

२० जानेवारी

स्कार्फ गुंडाळून मांजरीला गेले. अक्षतानं दार उघडलं. तिला स्कार्फ नव्हता. चेहरा स्वच्छ, नाक सरळ, गालावर तीळसुद्धा जागच्या जागी. आवाजही परत आलेला.

मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"दीड वर्ष आरशात मला कोणी दिसलं नाही, मैत्री. मी किती जणींचा विचार केला."

"मग मीच का?"

ती जमिनीकडे पाहत राहिली. "बाकी कोणी माझ्या शब्दावर आलं नसतं."

दार तिनं हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

२२ जानेवारी

ओठ मिटत चाललेत. नळी जाईल एवढीच फट उरलीये. शब्द बाहेर पडत नाही.

मी काही न सांगता कांताबाईंनी पेज आणि नळी समोर ठेवली. म्हणजे त्यांनाही — पहिल्या दिवसापासून —

अक्षतासाठी मी महिनाभर माझं घर सोडलं होतं. तेच तिनं मोजून ठेवलं असेल का? ही येईल. ही नाही म्हणणार नाही.

२४ जानेवारी

आज डावी भुवई गेली. सतरावर ती आहे.

पूर्वाला मेसेज केला. काम सोपं आहे, घर छान आहे, ये. पाठवला. मीच पाठवला. कोणी हात धरला नव्हता.

मिनिटभरात उत्तर आलं. ताई, तिकीट काढते.

२५ जानेवारी

नको. येऊ नकोस म्हणून लिहिलं. पाच वेळा. एकही पोचलेला दिसत नाही — गाडीत रेंज नसेल —

आईनं फोन उचलला. माझ्या तोंडून नुसता श्वास. तिनं ठेवून दिला. तिला मेसेज केला, तर ती म्हणे पूर्वा मघाच निघाली, स्टेशनवर खूप खुशीत होती.

ती बाकी कोणाच्या शब्दावर आली नसती.

२६ जानेवारी, सकाळ

रिक्षा थांबली. पूर्वा. हिंमतराव पुढे होऊन तिची बॅग घेताहेत — या, या, प्रवास कसा झाला —

ती विचारतेय, ताई कुठंय.

मी तिच्यापासून तीन हातांच्या अंतरावर उभी आहे. तिनं माझ्याकडे पाहिलं. ओढणी तोंडावर धरून मागे सरकली —

ते तिला कपाटाकडे नेताहेत. वही तिच्यासमोर धरतेय —

पूर्वा, हे अक्षर ओळख. मीच ताई. मीच तुला फसवून बोलावलं. कशाला हात लावू नकोस. बॅग राहू दे, दार उघडं आहे, पळ, मी त्यांना अड—