मुक्का मारून जरा थांब

४ ऑगस्ट, रविवार
आजपासून मी स्पोर्ट्स फोटोग्राफर. निर्णय पक्का. इतकी वर्षं पासपोर्ट फोटो काढले. हनुवटी वर, खांदे सरळ, हलू नका. आता हलणाऱ्यांकडे वळायचं.
ठमी, म्हणजे आमची एकुलती एक लेक, वय चौदा, बॉक्सिंग शिकते. महिनाअखेरीस निवडीची लढत आहे. जिंकली तर मोठ्या संघात जाईल. तिचा प्रत्येक ठोसा दुकानाच्या काचेत लागला पाहिजे. बायको म्हणाली, तो कॅमेरा बसलेल्या माणसांचा आहे. मी वाद घातला नाही. कलाकाराला घरातूनच विरोध होतो.

११ ऑगस्ट, रविवार
ठमीच्या सराव लढतीला गेलो. हॉलमध्ये निम्म्या ट्यूब गेलेल्या. त्यात शेजारी येऊन बसला दंतवैद्य. त्याचीही मुलगी खेळते. डावरी आहे. त्याच्या गळ्यात ही एवढी लेन्स! मी नाव ठेवलं तोफखाना. जागेवरून कोपराकोपरी झाली. दोन त्याला बसल्या, तीन मला.
फ्लॅश मारला तर रेफरीने लढत थांबवली आणि सगळ्या हॉलदेखत मला झापलं. मुलींच्या डोळ्यांवर येतो म्हणे. डोकंच फिरलं. फ्लॅश काढून जमिनीवर आपटला. तो आधी माझ्या अंगठ्यावर पडला, मग फुटला.
घरी येऊन फोटो बघितले. दोन भुतं एकमेकांना बदडतायत. कारण सरळ आहे. उजेड कमी, लेन्स म्हातारी, त्यामुळे शटर आरामात उघडतं आणि आरामात मिटतं. तेवढ्यात जे हलेल ते पुसलं जातं. यात माझा काय दोष?
ठमी जिंकली म्हणे. फोटोत दिसत नाही.

१२ ऑगस्ट, सोमवार
सुचलं! झोपेतून उठून ठमीला सांगितलं, मुक्का मारून जरा थांब. क्षणभरच. हात तसाच लांब, हनुवटी वर. बाकी मी बघतो. तिने विचारलं, बाबा, पण समोरची थांबेल का? म्हटलं, तिचा फोटो कुणाला हवाय?
पोरगी गुणी आहे. लहानपणी कॅमेरा तपासायला मी तिलाच स्टुलावर बसवायचो. पापणी हलवायची नाही.

१८ ऑगस्ट, रविवार
घवघवीत यश! ठमी प्रत्येक फोटोत कातीव. पापणीचा केस न् केस मोजून घ्या. समोरच्या मुलीच्या हातांच्या जागी नुसता धुरळा. नाकातून आलेल्या रक्ताचा थेंबही असा स्वच्छ आलाय की पुसावासा वाटतो.
रक्त ठमीचं. ती हरली. तोंडातलं रबर उडून रेफरीच्या बुटावर पडलं. तोही फोटो छान आहे.
तोफखान्याने वाकून माझ्या स्क्रीनवर बघितलं आणि हळूच विचारलं, मुलगी बरी आहे ना? जळका मेला. दात पाडावेत असं वाटलं, पण त्याला दात पडण्याचं काय कौतुक.

२० ऑगस्ट, मंगळवार
रक्ताचा फोटो मोठा करून काचेत लावला. एक आजी पासपोर्ट फोटोसाठी आल्या, काचेकडे बघितलं, आत फोटो काढताना असं होतं का म्हणून विचारलं आणि आल्या पावली परत गेल्या.
दुपारी कोचबाई आल्या. त्यांच्या नाकाला दोन वळणं आहेत, दोन्ही मारामारीत पडलेली. बाई सगळे फोटो बघत राहिल्या. मला वाटलं, भारावल्या. मग विचारलं, सगळ्या फोटोंत हीच एवढी स्पष्ट कशी? मी म्हटलं, फोकस. त्या म्हणाल्या, फोकस नाही, ही उभी राहते. मारून झाल्यावर पुतळ्यासारखी उभी राहते आणि मार खाते. का?
ठमी शाळेतून आली होती. तिने आधी स्वतःच्या बुटांकडे बघितलं. मग म्हणाली, बाबांनी सांगितलंय.
बाईंनी माझी कॉलर धरली आणि मला पांढऱ्या पडद्यावर दाबलं, जिथे मी गिऱ्हाइकांना बसवतो बरोबर तिथे. कॅमेरा परत हॉलमध्ये दिसला तर तो मला खायला लावतील, झाकणासकट. मी श्वास धरून ठेवला होता. ही सवय धंद्याची, भीतीची नाही.
बायकोची शपथ घेतली की कॅमेरा नेणार नाही. बायको म्हणाली, स्वतःची घ्या.

२४ ऑगस्ट, शनिवार
ठमी दुकानात आली. म्हणाली, बाबा, उद्या नुसतं बघायला याल का? हो म्हटलं. शब्द म्हणजे शब्द. उद्या मी फक्त बाप.

त्याच दिवशी, तासाभराने
समजा जिंकली तर? तेवढा एकच. कॅमेरा टॉवेलात गुंडाळून नेला तर कुणाला दिसतोय?

२५ ऑगस्ट, रविवार
समोर तोफखान्याची डावरी. पहिल्या दोन राउंडमध्ये ठमीने तिला असं बडवलं की काय सांगू. मारायची आणि सटकायची, मारायची आणि सटकायची. तोफखान्याने कॅमेरा मांडीवर ठेवून डोळे झाकून घेतले होते. बिचारा.
तिसऱ्या राउंडमध्ये ठमीचा उजवा बरोबर बसला. डावरीची मान मागे गेली. माझा हात आपोआप टॉवेलात गेला. खरंच आपोआप.
खट्.
आमचं शटर म्हणजे कुलूप लावल्यासारखा आवाज. ठमीने तो ओळखला. ती थांबली. हात लांब, हनुवटी वर.
आधी एक डावा आला. मग दुसरा. ठमी पाठीवर आदळली. दोरांखालून सगळ्यात आधी आत कोण गेलं असेल? दंतवैद्य. कापूस घेऊन. मी हातात कॅमेरा घेऊन तसाच.
ठमी राखीव. संघात डावरी. घरी मी समजावून सांगितलं की उजेड वाईट होता, डावऱ्यांचा काही भरवसा नसतो, शिवाय रेफरीचा माझ्यावर जुना राग आहे.
फोटो अप्रतिम आलाय. आयुष्यातला सर्वोत्तम. त्यात ठमी डावरीकडे बघतच नाहीये. माझ्याकडे बघतेय.

२७ ऑगस्ट, मंगळवार
ठमी माझ्याशी बोलत नाही. काचेतला फोटो काढला. उन्हाने उडाला असता.
कोचबाईंनी घरचा अभ्यास दिलाय. मुक्का मारला की बाजूला सरक. आतल्या खोलीत बायको उशी धरते, ही मारते आणि सरकते. भिंतीवरचं घड्याळ पडलं. मी म्हटलं, मी धरतो उशी. बायको आतून म्हणाली, नको. फार वाईट वाटलं. अर्थात उशी नीट कशी धरावी ते बायकोला येत नाही.

१ सप्टेंबर, रविवार
राखीव खेळाडूलाही ओळखपत्र लागतं. ओळखपत्राला फोटो लागतो. आता बोला! फिरून माझ्याच दारात.
ठमीला स्टुलावर बसवलं. फ्लॅश नाही, म्हणून ट्यूबवरच. कॅमेरा स्टँडवर, शटरची वायर माझ्या डाव्या मुठीत, दाबली की फोटो. म्हटलं, हलू नकोस. ती हलली. पुन्हा काढला. पुन्हा हलली. बायकोने दारातून कळवलं की ती मुद्दाम करत नाहीये, आता तिला जमतच नाही.
मी नेहमीसारखा पुढे झालो आणि दोन बोटांनी हनुवटी सरळ करायला गेलो. ठमी माझ्या हाताखालून निघाली आणि उजवा आला. ग्लव्हजशिवाय. डोळ्यांपुढे काजवे चमकले, मूठ आवळली गेली. खट्.
आणि ती थांबली नाही. मारून सरळ दारापर्यंत सरकली. मग आठवड्यात पहिल्यांदा बोलली. विचारलं, बाबा, लागलं का? नाही म्हटलं. शर्टावर रक्त ठिबकत होतं, तरी इतकं बरं वाटलं.
फोटो बघितला. ठमी म्हणजे कडेला एक पुसट पट्टा. मधोमध मी. कातीव. नाकातला केस न् केस दिसतोय आणि दोन बोटं, जिथे तिची हनुवटी होती, तिथे धरलेली.
बायको बर्फ घेऊन आली, फोटो बघून म्हणाली, हा लावा काचेत.
ओळखपत्राचा फोटो उद्या दंतवैद्य काढणार आहे. त्याच्याकडे ती हलली तरी चालतं.