पंधरा दिवसांच्या गोळ्या

अप्पा, मलाही बीपी निघालं. सहा महिने झाले आता. आमच्या कंपनीत दरवर्षी तपासणी होते. त्या दिवशी मी रांगेत उभा होतो, वाळूजच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये घाम येत होता, बाकी काही नाही. सिस्टरनं दंडाला पट्टा गुंडाळला, हवा भरली, सोडली, परत भरली. मग म्हणाली, "दहा मिनिटं त्या खुर्चीवर शांत बसा, बोलू नका, परत बघू." दहा मिनिटांनीही तेच. वर एकशे सत्तर, खाली एकशे दहा. वजन अठ्ठ्याण्णव किलो. डोकं दुखतं का, चक्कर येते का, तिनं विचारलं. मी म्हणालो, "मला तर काहीच होत नाय." हे तोंडातून निघालं आणि मला तुमचा इतका राग आला की दंडावरचा पट्टा मी स्वतःच ओढून काढला. त्या पोरीला वाटलं, मी घाबरलो. "काका, घाबरू नका," ती म्हणाली. घाबरलो नव्हतो. ते वाक्य तुमचं होतं, आणि ते मी तुमच्याच आवाजात बोललो होतो.

तुम्ही फुलंब्रीकडच्या गावातून मुकुंदवाडीत आलात तेव्हा इतके वाळलेले होतात की दोन बायका तुम्हाला सहज उचलतील, असं आई सांगते. मग कंपनीच्या शिफ्ट-बसवर ड्रायव्हर म्हणून लागलात. पहाटे पाचला बस काढायची, थांब्या-थांब्यावरून कामगार उचलायचे, गेटवर सोडायचे आणि शिफ्ट सुटेपर्यंत तिथंच थांबायचं. सुट्टीत एकदा तुमच्यासोबत आलो होतो, तेव्हा तुमचा दिवस पाहिला. लिंबाखाली सगळे ड्रायव्हर बसलेले, पत्ते चाललेले, भज्यांचा कागद मध्ये पसरलेला, तळलेल्या मिरच्यांवर वरून मीठ, परत चहा, मग बसच्या मागच्या सीटवर पाय पसरून झोप. काही वर्षांतच पोट स्टिअरिंगला टेकायला लागलं. तुमच्या प्रत्येक शर्टावर पोटाच्या जागी एक काळी आडवी रेघ असायची आणि आई रविवारी ती ब्रशनं घासत बसायची. गावाकडं गेलो की लोक म्हणायचे, "शहर लई मानवलं बुवा तुला." तुम्ही हसायचात, पोटावरून हात फिरवायचात. लहानपणी उपाशी झोपलेल्या माणसाला आपलं वजन म्हणजे कमाई वाटते, हे मला कळतं. पण कळलं म्हणून राग जात नाही.

ठेकेदाराच्या डॉक्टरनं पहिल्यांदा बीपी पकडलं तेव्हा मी आयटीआयला होतो. डॉक्टर म्हणाले होते, वजन उतरवा, मीठ कमी करा, गोळी रोज घ्या, महिनाभरानं परत दाखवा, नाहीतर बस देता येणार नाही. तुम्ही महिनाभर गोळी घेतलीत, पास झालात आणि गोळी बंद केलीत. मग दरवर्षी तेच. तपासणीच्या पंधरा दिवस आधी तुम्ही मला घराच्या मागं बोलवायचात आणि ती जुनी, घड्या पडलेली चिठ्ठी हातात द्यायचात. "स्टेशनाजवळच्या मेडिकलातून आण. आईला सांगू नको, उगं घोर लावून घेईल." मी आणायचो. तुम्ही गोळ्या बसमध्ये सीटखालच्या खोक्यात, पान्यांच्या बाजूला ठेवायचात. ते पंधरा दिवस तुम्ही लोणचं, पापड ताटात बाजूला सारायचात. आई विचारायची, "काय हो, बिघडलंय का काही?" तुम्ही "नाय, भूक नाय" म्हणायचात. तिला वाटायचं, आपल्या हातालाच चव राहिली नाही. तपासणी झाली की संध्याकाळी तुम्ही स्वतःच लोणच्याची बरणी काढायचात आणि तिचा चेहरा खुलायचा. हे मी चार वेळा पाहिलं.

चौथ्या वर्षी मी अडलो होतो, तुम्हाला आठवत असेल. आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये एक सर हवेच्या टाकीवरचा काटा दाखवून सांगायचे की टाकीकडं बघून आतलं प्रेशर कळत नाही, काट्याकडं बघा. मी तुम्हाला म्हणालो, "अप्पा, रोज घ्या. नाहीतर मी आणणार नाही." तुम्ही चिडलात. "डोकं दुखत नाय, चक्कर येत नाय, पोती उचलून दाखवू का? गोळीची सवय लागती, मग जन्मभर सुटत नाय. तू मला शिकवणार व्हय रे? ह्या पोटावर मोठा झाला तू!" आणि तुम्ही स्वतःच्या पोटावर जोरात थाप मारलीत. त्या थापेचा आवाज माझ्या कानात आहे. दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी मनगटी घड्याळ आणलंत. "ड्युटीला लागशील, टाइम बघायला लागंल," एवढंच म्हणालात, आणि घड्याळाखाली ती चिठ्ठी होती. मी घड्याळ बांधलं. चिठ्ठी खिशात घातली. मेडिकलात गेलो.

त्या तपासणीतही तुम्ही पास झालात. चार महिन्यांनी, शिफ्ट सोडून बस लावून ठेवलेली असताना, लिंबाखाली पत्ते पिसता पिसता तुमच्या हातातून पत्ते गळाले. सोबतचे ड्रायव्हर हसले म्हणे, त्यांना वाटलं तुम्ही सोंग करताय. मग तोंड वाकडं झालेलं दिसलं. मी सरकारी दवाखान्यात पोचलो तेव्हा आई आधीच तिथं होती, पिठाचे हात तसेच. डॉक्टरनं विचारलं, "बीपीची गोळी चालू होती का यांना?" आई म्हणाली, "बीपी? यांना कुठलं बीपी? धडधाकट माणूस." डॉक्टरनं जेवणाचं विचारलं. लोणचं, पापड, ठेचा? ती सांगत गेली, घाबरून, एखादी चूक कबूल करावी तसं. "व्हय, मीठ जरा वरचढच लागतं त्यांना. मी घालत होते." तुम्ही खाटेवर पडून माझ्याकडं बघत होतात. एकच डोळा नीट उघडत होता. तुमची जीभ गेली होती, पण माझी जागेवर होती. मी एक शब्द बोललो नाही. त्या नजरेत काय होतं, सांग म्हणत होतात की सांगू नको म्हणत होतात, याचा विचार मी इतकी वर्षं करतोय. कधीकधी वाटतं, दोन्हीपैकी काहीच नव्हतं. नुसती भीती होती, आणि ती तुम्हाला आयुष्यात पहिल्यांदा वाटत होती.

पुढचे अकरा महिने तुम्ही खाटेवर काढलेत. ज्या वजनाचं गावानं कौतुक केलं ते आईनं दिवसातून सहा वेळा कुशीवर वळवलं. मी एका बाजूनं, ती दुसऱ्या बाजूनं. मी कामावर गेलो की एकटी. शेजारणीला हाक मारायची तिला लाज वाटायची, कारण तुम्हाला लाज वाटायची. चौथ्या महिन्यात तिच्या कमरेत काहीतरी सटकलं ते आजतागायत जागेवर आलेलं नाही. ती वाकून चालते, अप्पा. साठी उलटायच्या आत ती ऐंशीची दिसायला लागली. तुम्ही गेलात तेव्हा मला रडू आलं नाही. आधी वाटलं, आता तिला झोप मिळेल. हा विचार मी तेव्हा कुणाला सांगितला नव्हता.

तुम्ही गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या विधीला सगळे जमले, तेव्हा आत्या बायकांमध्ये बसून बोलली, "वहिनीच्या हाताला मीठ लईच. माझा भाऊ त्यानंच गेला." हळू बोलली, पण आई दारातच उभी होती. त्या दिवसापासून आई अळणी जेवते. वरणात मीठ पडायच्या आधी स्वतःची वाटी काढून ठेवते, भाकरीचं पीठही वेगळं मळते. कुणी विचारलं तर म्हणते, "आता नाय आवडत मला." लग्न झाल्यावर माझ्या बायकोनं मला विचारलं, आईंना कुठल्या डॉक्टरनं सांगितलंय? मी म्हणालो, "तिची सवय आहे." आणि मी मात्र चांगलं चविष्ट, भरपूर खात राहिलो, खुर्चीवर बसून इन्स्पेक्शनचं काम करत राहिलो, अठ्ठ्याण्णव किलोचा झालो.

आता माझं सांगतो. ज्या डॉक्टर बाईंकडं जातो त्यांनी पहिल्या दिवशी अर्धा तास दिला. त्या म्हणाल्या, "शरीर वाढलं की हृदयाला तेवढं जास्त रक्त ढकलायला लागतं, रोज, न थांबता. नळ्यांवर ताण येतो. तो दुखत नाही, म्हणून माणूस फसतो. दुखायला लागेपर्यंत मेंदूचं, नाही तर किडनीचं नुकसान झालेलं असतं." मी विचारलं, "गोळी कामापुरती घेतली तर?" त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं. "कामापुरती म्हणजे?" मी म्हणालो, "काही नाही." त्या म्हणाल्या, एकदम बारीक व्हायची गरज नाही, पाच-सहा किलो उतरले तरी फरक दिसतो. मी सकाळी मुकुंदवाडी स्टेशनापर्यंत चालत जातो, परत येतो. चहानंतर गोळी, रोज. कॅन्टीनमधलं फरसाण सोडलं, ताटावर वरून मीठ घेणं सोडलं. सुरुवातीला चिडचिड व्हायची, पंधरा दिवसांत जीभ सरावली. आज वजन एक्क्याण्णव आहे. बीपी एकशे तीस, चौऱ्याऐंशी. एवढंच होतं, अप्पा. एक बारकी गोळी, थोडं चालणं, एक बरणी बंद. यापेक्षा जास्त कष्ट तर तुम्ही ते लपवायला घेत होतात. हे आठवलं की चालता चालता माझे दात आवळले जातात. गोळीनं माझ्यावर काही उपकार केले, असं मला वाटत नाही. तिनं तुमच्याकडची प्रत्येक सबब काढून घेतली.

माझं बीपी निघाल्याचं घरी सांगितलं तेव्हा आई मेथी निवडत होती. तिचे हात थांबले. म्हणाली, "माझ्याच हातचं खाऊन तुलाबी लागलं." बायको म्हणाली, "अहो आई, स्वयंपाक तर पंधरा वर्षं मी करतेय." ती ऐकेना. त्यानंतर ती स्वयंपाकघरात पायच ठेवत नाही. भाजीला फोडणी द्यायलासुद्धा उठत नाही, दारातून सांगते, "तूच कर बाई, माझा हात चांगला नाय." मागच्या रविवारी मी तिच्याजवळ जाऊन बसलो. आज सांगायचंच, असं ठरवून बसलो. तिनंच विषय काढला. "तुझ्या अप्पाला वेळेवर कळलं असतं, तर त्यांनीबी घेतली असती नं रे गोळी?" यापेक्षा उघडं दार मला कधी मिळणार नव्हतं. मी म्हणालो, "हो, घेतली असती." तिनं मान हलवली आणि डोळे पुसले.

म्हणून हे तुम्हाला लिहितोय. तुम्हाला लिहिणं सोपं आहे, तुमच्यावर रागावता येतं आणि तुमचं उत्तर येत नाही. जिला हे सांगायचं ती भिंतीपलीकडं आहे, तिच्या खोकल्याचा आवाज इथं येतोय. ती माझ्यावर रागावेल म्हणून मी गप्प बसलोय, असं मी स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. ती रागावणार नाही. ती माझ्या डोक्यावरून हात फिरवेल आणि म्हणेल, "जाऊ दे, लेकरू होतास तू." आणि मला तिला सांगावं लागेल की मी लेकरू नव्हतो. मी बावीस वर्षांचा होतो.