मला भाडेकरू म्हणा

मंगळवार, ४ मार्च. सकाळी सव्वाअकरा
वेळ मुद्दाम लिहून ठेवते. ह्याच वेळी, आमच्या इमारतीखालच्या हॉलमध्ये, चारचौघांत मला 'लाभार्थी' म्हणण्यात आलं!

म्हणणारी एक चष्मेवाली. नगरपालिकांच्या महासंघाची प्रतिनिधी — ज्या ज्या पालिकांची आमच्या इमारतीसारखी भाड्याची घरं आहेत, त्या सगळ्यांच्या वतीने ही मंत्र्यांपुढे बोलते. आता नवा नियम सुचवणार म्हणे. घरात एकटंच माणूस उरलं, की त्याला एका खोलीच्या जागेत हलवायचं. "लाभार्थ्यांना तशी सूचना दिली जाईल."

मी उठले. "लाभ कसला हो? लिफ्ट बंद पडते, तो? भाडं भरते मी. भाडेकरू म्हणा."

"काकू, शब्दच आहे नुसता."

शब्दच! भाडेकरूला हलवायचं तर आधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. लाभार्थ्याला कागद धाडला की झालं. कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी एका चुकीच्या शब्दापायी मला वर्गाबाहेर उभं केलंय. म्हणे शब्दच!

बुधवार
माझी आतली खोली 'वापरात नाही' असं त्यांचं म्हणणं. ह्यांची आरामखुर्ची आहे तिथे. हे गेले, खुर्ची आहे. माझं शिवणयंत्र आहे. सकाळभर ऊन आहे. ऊन वापरात नाही? त्या खुर्चीत छान डुलकी काढली. मुद्दाम!

गुरुवार
महासंघाला पत्र टाकलं. लेकीचा फोन — "आई, एका शब्दासाठी लोकांचा जीव खाशील तू!" म्हटलं, "खाईन. दात अजून माझेच आहेत."

सोमवार
चष्मेवाली घरी आली! लिफ्ट बंद, त्यामुळे धापा टाकत. मी मनातून खूश. पाणी दिलं, चहा दिला. ह्यांच्या खुर्चीत टेकली ती उठेचना. "ऊन काय सुंदर येतं हो, काकू."

मग रडगाणं सुरू. पालिकांतर्फे ही दुरुस्तीसाठी मदत मागायला जाते, तर मंत्र्यांच्या खात्यातला साहेब उडवून लावतो — "फुकट वाटलेल्या घरांना कसली दुरुस्ती?"

"अहो, तुम्हीच आम्हाला लाभार्थी म्हणता. तो फुकट समजणार नाही तर काय?"

कप अर्ध्यावरच थांबला तिचा. मग म्हणाली, "अजून थोडा चहा मिळेल?"

पोरगी वाईट नाही. शब्द वाईट शिकलीय.

शुक्रवार, १४ मार्च
महासंघाचं पत्र. तो नियम मागे घेतलाय. खुर्ची हलत नाही! पुढे विनंती — दुरुस्तीच्या मागणीसाठी मंत्र्यांपुढे जायचं आहे, तेव्हा मी पालिकांच्या बाजूने बसून बोलावं. मी! त्यांच्या बाजूने!

खाली माझं पद छापलंय : 'लाभार्थी प्रतिनिधी'.

पेन कुठे गेलं माझं? — येते म्हणावं. आधी शब्द दुरुस्त करा. बुधवारी संध्याकाळी पाचच्या आत. लेखी.