माझ्या वजनाची मोटार

जव्हार,
आश्विन वद्य द्वितीया, शके १८७६

तीर्थस्वरूप दादांच्या चरणी धाकट्या गोदीचा साष्टांग नमस्कार.

देवीच्या कृपेने इकडे आम्ही दोघे सुखरूप आहोत, तिकडची खुशाली दोन ओळींनी तरी कळवत जावी. वहिनींचा गुडघा कसा आहे? त्यांना म्हणावं, एरंडेल चोळताना तोंडाने रामनाम घ्यावं. एरंडेलाला पैसे पडतात, रामनामाला पडत नाहीत, तेव्हा एरंडेल थोडं नि रामनाम पुष्कळ असं प्रमाण ठेवावं.

पाडव्याला तुम्ही आमची मोटार न्यायला नाशिकहून येणार, हे ठरलेलंच आहे. "ही पीडा एकदाची घेऊन जा" असं श्रावणात मीच लिहिलं होतं, तेही नाकारत नाही. पण नंतर "गोदीने आंधळा बैल माझ्या गळ्यात बांधला" असं व्हायला नको, म्हणून त्या मोटारीच्या सगळ्या खोडी आधीच तुमच्या कानावर घालते. बहिणीचं ते कर्तव्यच आहे.

गाडी म्हणजे तरी काय दादा, दोन माणसांची, हिरवी, बुटकी, वर कापडी टप. आत बसायचं म्हणजे पाटावर पाय पसरून बसल्यासारखं. शेजारून बैलगाडी गेली तर बैल वरून खाली आपल्याकडे बघतो, आणि त्याच्या नजरेत कीव असते. संस्थानच्या वेळी बांधकामावर जे साहेब होते त्यांची ही गाडी. विलीनीकरण झालं, साहेब आपल्या मुलखी गेले, आणि जाताना "तुम्ही हिची निगा राखलीत, तुम्हीच ठेवा" म्हणून यांच्या हाती किल्ली देऊन गेले. (तेच जर एखादी दुभती गाय देऊन गेले असते तर! पण साहेब लोकांना एवढं कुठलं सुचायला.) हे त्याच साहेबांच्या हाताखाली दरबारच्या दप्तरात पहिले कारकून होते, ते मामलेदार कचेरीत तिसरे झाले. त्यात कोणाचा दोष नाही, राज्यंच्या राज्यं गेली तिथे कारकुनाचं काय. पण माणूस तेव्हापासून घरात मोजकंच बोलू लागला. मीठ हवं, पाणी हवं, छत्री कुठे आहे. रविवारी मात्र ती गाडी पुसत बसायचं. मी तिचा खर्च आधी 'वाहन' या सदरात लिहीत असे, मग 'आजारपण' या सदरात, आणि हल्ली 'दैवी आपत्ती'त. श्रावणात मी विकायचं काढलं तेव्हा हे "बरं" म्हणाले, आणि एक भाकरी कमी जेवले.

आता खोड. गाडी डावीकडे ओढायची. मी पहिल्यांदा बसले तेव्हा मला हे दोषासारखं वाटलंच नाही. मारुतीचं देऊळ डाव्या हाताला आलं, गाडी आपली तिकडे वळली. मी हात जोडले. पुढे म्हसोबाचा दगड आला, तिकडे वळली. मला तर भरूनच आलं. म्हटलं, साहेबांच्या घरी राहूनसुद्धा काय हे संस्कार! तिसऱ्यांदा ती ताडीच्या मांडवाकडे वळली आणि थेट आत जाऊन दोन मडक्यांमध्ये उभी राहिली, तेव्हा माझी श्रद्धा डळमळली. मी पदर तोंडावर ओढून घेतला. मांडवातली माणसं मात्र सभ्य होती. त्यांनी आम्हांला मागे ढकललं, आणि "सायेब, बाईला कशाला आणलंत, एकटे यायचं!" असं यांना समजावलं.

मग बुधा मिस्त्रीला बोलावलं. हा लाकडाच्या लॉऱ्या दुरुस्त करतो आणि लढाईच्या वेळी मुंबईच्या कारखान्यात होता, हे पाच वाक्यांत तीनदा सांगतो. त्याने आधी टायर दोषी धरले, मग रस्ता, मग साहेबांची जात. शेवटी गाडीखालून डोकं काढून म्हणाला, "बाईसाब, लॉरीत हत्ती बसवा, तिला खबर नसते. ही नाजूक. हिला कोण कुठं बसलं ते कळतं. साहेब एकटा फिरायचा, चाकं त्याच्या हिशेबानं बसवलीत. तुम्ही डावीकडं बसलात की ही डावीकडं गेलीच म्हणून समजा. माप घेऊन चोळी शिवतात ना, तशी हिची चाकं तुम्हां दोघांच्या मापानं बसवायला हवीत." (चोळीचा दाखला त्याला द्यायचं कारण नव्हतं. पण मुंबईला राहिलेला माणूस.)

म्हणजे आम्ही दोघांनी दिवसभर गाडीत बसून राहायचं, आणि हा बाजूंनी दोऱ्या ताणून खाली लोळत चाकं सरळ करणार. भर बाजारात! मी साफ नाही म्हटलं. तेव्हा असं ठरलं की आमच्या वजनाची नागलीची पोती आमच्या जागी ठेवायची. वाण्याकडून नागली दिवसापुरती उसनी आणायची, संध्याकाळी जशीच्या तशी परत करायची. फुकटात काम. ही युक्ती माझीच होती, हे आता सांगायला लाज वाटते.

बाजाराचा दिवस होता. वाण्याच्या मोठ्या तराजूत आधी हे बसले. कोणी मान वर करून पाहिलं नाही. मग मी. मी नुकतीच देवळातून आलेली, कपाळभर कुंकू, हातात फुलाची पुडी. पारड्यात चढले आणि सवयीने हात जोडून डोळे मिटले. तिथेच सगळं बिनसलं. समोरच्या पारड्यात नागली पडू लागली तशी कोणीतरी ओरडलं, "तुलादान! बाई तुलादान करतेय!" डोळे उघडते तो भोवती अर्धा बाजार. टोपल्या, सुपं, एकाने तर डोकीचं फडकंच पसरलं. देवळातले गुरुजी कुठून उगवले देव जाणे, त्यांनी पळीत पाणी घेऊन विचारलं, "गोत्र?" दादा, गोत्र विचारलं की आपण सांगतोच! सांगून बसले. संकल्प सुटला. देवाच्या दारी आता माघार नाही.

जामसरची कमू, मला पत्रावळीची पानं आणून देते ती, पुढेच उभी. पारडं वर उचललं तशी ती हळहळली, "बाय, तू आजून जराशी जाड पायजे व्हतीस गं!" तिच्या मागून दाभोश्याची हिरी ओरडली, "पाटल्या काढू नको हां बाय, वजन कमी व्हईल!" सगळा बाजार हसला. आणि खरं सांगते, मलाही त्या पारड्यात बसल्या बसल्या असं हसू फुटलं की तराजू हलू लागला आणि वाण्याला पुन्हा तोलावं लागलं. (आकडा लिहीत नाही. पत्र वहिनी वाचतात.)

उसनी नागली माझ्या नावावर उधार लागली आणि दानात गेली, पण मिस्त्रीला तर ती हवी. तेव्हा कमूनेच तोड काढली: आधी गाडी सरळ होऊ दे, मग वाटू. सगळ्या जणी गाडीभोवती बसून राहिल्या. बुधा दोरी ताणी, त्या "डावी, डावी!" म्हणून ओरडत, तो चिडे, की त्या आणखी ओरडत. दिवस कलायच्या आत चाकं दोरीला सरळ आली. दोघांचीही नागली वाटली गेली. कमू तिचा वाटा डोक्यावर घेऊन म्हणाली, "सायबाचा वाटा लय थोडा निघला, त्येला खायाला घाल." मी यांच्याकडे पाहिलं. दादा, हे हसत होते! विलीनीकरणानंतर प्रथमच.

हसत हसतच हे एकटे गाडीत बसले, गाडी सुरू केली, आणि ती उजवीकडे वळून सरळ वाण्याच्या ओट्याला भिडली. बुधा कपाळावर हात मारून म्हणाला, "साहेब, मी जोडप्याच्या मापाची केली. तुम्ही एकटे कसे निघालात?"

तेव्हापासून मला जावं लागतं. घरातलं काम टाकून, केवळ गाडी सरळ चालावी म्हणून. मोखाड्याला गेलो, दाभोश्याला गेलो, सूर्यमाळेच्या चढाला तर दोनदा. वाऱ्याने माझा अंबाडा सुटतो, पदर सांभाळता येत नाही, आणि हे सारखे बोलत असतात. हे वळण आम्ही आखलं, साखळीचं टोक मी धरलं होतं. हा डोंगर नकाशात चुकून नदीपलीकडे दाखवला होता. इथे साहेब चिखलात पडले आणि मी पाहिलंच नाही असं दाखवलं. एवढं बोलणं यांच्या पोटात होतं, याची मला लग्नाला इतकी वर्षं होऊन कल्पना नव्हती. घरी आलं की पुन्हा मीठ, पाणी, छत्री. पण आता छत्रीनंतर विचारतात, "उद्या मोखाड्याला यायचं का?"

शेवटची खोड फार वाईट आहे. ही गाडी चहाडखोर आहे. नवरात्रात मी नऊ दिवस उपास धरले. हे काळजीत, की मी वाळले तर गाडी उजवीकडे जाणार. दसऱ्याला निघालो तर गाडी डावीकडे! साबुदाणा, रताळी आणि शेंगदाण्याचे लाडू देवाला चालतात, पण चाकांना चालत नाहीत.  मारुतीच्या देवळाशी गाडी आपण होऊन वळली तेव्हा हे फक्त "दर्शन घेतेस?" म्हणाले.

असा हा सगळा प्रकार आहे. मुलांना आशीर्वाद, वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो वाढायला आणखी जागा असेल तर वाढवावा.

तुमची,
गोदी

ता. क. गाडी न्यायला येऊ नये. विकायची नाही. तुमच्या मापाचीही नाही. तरी हट्टच असेल तर आधी वहिनींचं वजन कळवावं. कळवणार नाहीत, हे मला ठाऊक आहे.

आणखी ता. क. पाडव्याला या मात्र, पण एस.टी.ने, आणि भाऊबीज करूनच जा. ओवाळणीत लुगडं नको. नाशकात धुळीसाठी काळे चष्मे मिळतात म्हणे, त्यातला एक बायकी आणावा. मी मागितला असं यांच्यासमोर बोलू नये. मी "कशाला हा खर्च!" म्हणेन, तिकडे लक्ष देऊ नये.

अगदी शेवटचं. डावीकडे माझ्याऐवजी नागलीचं पोतं ठेवलं तरी गाडी सरळच चालेल. हे मी यांना सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका. तसं यांना माहीत असणारच, त्या दिवशी पोती यांनीच तर उचलून ठेवली होती. पण अजून तरी यांनी पोत्याचं नाव काढलेलं नाही.