हिरवा उंचवटा

मंगळवार, संध्याकाळ. जगतपुरा.

माझे पीएचडीचे गाईड आज पुन्हा म्हणाले, "ग्राफ साढ़े चार सौ नॅनोमीटर पे रोक दो, बेटा. साफ दिखेगा." म्हणजे पेपरातल्या ग्राफमध्ये ॲल्युमिनियम मिसळलेल्या झिंक ऑक्साइडच्या पावडरीतून निघणाऱ्या उजेडाचं अतिनील टोक तेवढं दाखवायचं आणि पुढचा हिरवा उंचवटा गायब करायचा. कारण हिरवा उजेड म्हणजे स्फटिकात दोष, आणि दोष म्हणजे माझं काम कच्चं.

कच्चं कसं? तीनदा नवी पावडर केली, तीनदा हिरवाच उजेड आला. ऑक्सिजनमध्ये भाजली तेव्हा तो फिका पडला. मतलब, स्फटिकात ऑक्सिजन निसटून राहिलेल्या रिकाम्या जागांतूनच येत असणार. हेच तर सांगण्यासारखं आहे.

आईला अतिनील दिव्याखालच्या पावडरचा फोटो दाखवला. रेल्वेची ड्यूटी करून दमलेली आई म्हणाली, "एवढं छान चमकतंय, लपवायचं कशाला?" हे मला सरांसमोर का म्हणता आलं नाही? मान डोलावून आले. घाबरले, दुसरं काय.

आत्ताच मेल केला. ग्राफ सातशेपर्यंत, हिरव्या उंचवट्यासकट. खाली लिहिलं, सर, तो कापायचा असेल तर माझं नावही कापा.