माचाणावरच्या चार कुंड्या

सोमवार, ता. १ डिसेंबर ५८
सगळ्यांच्या आधी कोण आली असेल तर गंगी. आमची शेजारीण. कलम म्हणजे काय ते तिला ठाऊक नाही, पण कोण कोण येतंय ते बघायला पहिला नंबर हिचा. वर नवं लुगडं. बागेत चिकूचा चीक उडतो, मग कळेल म्हटलं मनात. बोलले नाही. पुढचे तीन महिने एकाच विहिरीवर पाणी भरायचंय तिच्याबरोबर.

मग उधव्याचे बापलेक आले. काल निघून झाईला पाहुण्यांकडे मुक्काम करून आले म्हणे. एवढ्या लांबून लोक येतात तर आमच्या घरापासून बाग काय, हाकेवर. तरी दामू उंबऱ्यात बसून राहिला होता. "आई, मी या वयात शाळेत जाऊ?" म्हटलं, मी जाते, तू पोरीला सांभाळ. तेव्हा उठला.

वर्ग आहे नवीन शेती करणाऱ्यांसाठी. शेतकी खात्याचे नाईक साहेब, उंच, हाफ पँट, गुडघे माझ्यापेक्षा वाईट. आणि कमलबेन, वलसाडकडची बाई, अर्धं गुजराती बोलते, मोठ्यानं हसते. बागवाल्या शेठनं एक जुनं झाड दिलंय शिकायला. चिकूची कलमं हातानं बांधायची. ज्याचं कलम जगेल त्यानं ते घरी न्यायचं, पावसाच्या तोंडाशी लावायचं.

कुसुमनं साहेबांची टोपी मागितली. दिली त्यांनी. नात माझी काय मागेल नेम नाही.

बुधवार, ता. ३ डिसेंबर
दोन दिवस उभं राहून पाय म्हणजे खांब झालेत. तरी लिहिते.

चिकू बियांपासून लावला तर फळाची किती वर्षं वाट बघावी, देव जाणे. म्हणून रायणीचं रोप घ्यायचं, कुंडीतलं. रायणीचं मूळ चिवट, वाऱ्याला हलत नाही. ते रोप चिकूच्या फांदीजवळ न्यायचं. फांद्या वर, रोप खाली, म्हणून बांबूचं माचाण बांधून कुंड्या त्यावर चढवल्या. रोपाची साल एका बाजूनं तासायची, फांदीची तेवढीच, ओल्याला ओलं लावायचं आणि बांधायचं. वर शेणमातीचा लेप. पुढे जीव जुळला की फांदी तिच्या झाडापासून कापायची. म्हणजे मुळं रायणीची, फळ चिकूचं. साहेब म्हणाले, सोयरीक आहे ही. गंगी म्हणाली, "मग हुंडा कोण देणार?" सगळे हसले. ती नसती तर वर्ग कसला, सुतक वाटलं असतं.

प्रत्येक घराला चार कुंड्या.

दामूचा उजवा खांदा अजून वर जात नाही. गणपतीच्या आधी होडीवरनं पडला तो. सुरी हातात धरली, पण ती फांदीपर्यंत पोचेना. जनीनं, त्याच्या बायकोनं, ती हातातनं घेतली आणि बोंबील चिरावा तशी साल उतरवली. एका दमात. साहेब वाकून बघत राहिले. "कुठं शिकलीस?" "वलांडीखाली," जनी म्हणाली. साहेबांना समजलं नाही. बोंबील वाळवायच्या काठ्यांची वलांडी, तिच्याखाली बसून जन्म गेला म्हणावं.

सून माझी. लिहायला बरं वाटतं.

बांधायला त्यांनी केळीचं सोपट दिलं, भिजवून मऊ केलेल्या पट्ट्या. जनीनं ओढून पाहिली तर तुटली. आम्ही तिघं एकमेकांकडे बघायला लागलो. हे धरणार? एक वारा आला की सुटेल. दामूनं घरून जाळ्याचं सूत आणलं, ऐनाच्या सालीच्या काढ्यात उकळलेलं, खाऱ्या पाण्यातसुद्धा कुजत नाही असलं. साहेब तोवर पलीकडच्या फांदीवर उधव्याच्या बापलेकांना शिकवत होते. कमलबेन म्हणाली, "आजी, साहेबांनी सोपट सांगितलंय हां ने." जनी हो म्हणाली आणि सूत बांधलं. जाळ्याची गाठ. वरून लेप बसला, दिसेनासं झालं. दामूनं डाव्या हातानं हलवून बघितलं. केसभर हललं नाही. सकाळपासनं पहिल्यांदा हसला.

गंगीनं सोपटच बांधलं. ढिलं, वेडंवाकडं, बाजारच्या भाजीच्या जुडीसारखं.

रविवार, ता. १४ डिसेंबर
पाणी. सकाळ संध्याकाळ पाणी. विहीर बागेच्या त्या टोकाला, माचाण या टोकाला. घागर कमरेवर, मग माचाणाच्या तोंडाशी उभी राहून जनीला वर द्यायची. ती चढते. मी खाली उभी. दामूला एका हातानं घागर उचलता येत नाही, तो आपल्या तुकड्यात खड्डे खणतो. एका हातानं खणतो. धाकट्या दिरांचा तो तुकडा, पोरबाळ नव्हतं, जाताना आम्हाला देऊन गेले. तिथे आजवर गवताखेरीज काही उगवलं नाही. दामूनं चारही खड्डे तयार ठेवलेत. कलमं अजून झाडावर आहेत, पावसाळा कुठल्या कुठे, आणि खड्डे तयार.

कुसुमनं कुंड्यांना नावं दिली. एक तिचं, एक माझं, एक आईचं, एक मांजराचं. बापाचं का नाही ग? तर म्हणते, "बाबा होडीवर जाणार ना."
कुणी सांगितलं हिला? पोरं सगळं ऐकतात.

शनिवार, ता. १० जानेवारी ५९
होडीचा तांडेल पांडू आला होता. चहा घेतला नाही, म्हणजे कामाचं बोलायला आला. होडीवर माणूस कमी आहे. "दामू, खांदा काय, हळूहळू चालतो. दोरी नको ओढू, सुकाणावर बस. शिमग्यापर्यंत सांग, नायतर दुसरा बघतो." चांगला माणूस आहे. दुसऱ्या कुणी विचारलंच नसतं.

दामूनं बघतो म्हटलं.

जनी आत भाकरी थापत होती. थापणं थांबलं. तिचा बाप आणि भाऊ एकाच दिवशी गेले समुद्रात, होडीचं फळकूटसुद्धा आलं नाही परत. लग्नात ती एकच बोलली होती माझ्याशी, की आई, यांना किनाऱ्यावर कायतरी काम बघा. तेव्हा कुठनं बघणार होते मी. दहा वर्षं झाली. रोज होडी येईपर्यंत ही वाळूत उभी असायची, हातात टोपली, लोकांना वाटायचं मासळीसाठी.

पांडू गेल्यावर दामू म्हणाला, "कलमं जगली तर नाय जात. चार झाडांनी काय होतं ते मला पण कळतं. पण एकदा हाताला जमलं की शेठकडे कलमं बांधायचं काम मिळेल, साहेब म्हणाले तसं. नाय जगली तर कशाच्या जोरावर बसू घरी?"
जनी म्हणाली, "जगतील."
मी आपलं पाणी घालते.

मंगळवार, ता. २० जानेवारी
कंबर. आज जनी एकटी गेली पाण्याला. तिळाच्या वड्या उरल्या होत्या त्या कुसुमनं मांजराच्या कुंडीत पुरल्या. झाड येणार म्हणे वड्यांचं.

सोमवार, ता. २ फेब्रुवारी
गंगी बोलावून घेऊन गेली, बघ बघ करत. तिच्या कुंड्यांवरचा लेप एका जागी गळून पडलाय आणि सोपट कुजून लोंबतंय. मी म्हणणार होते, बघ, सांगत होते. तर आत साल सालीला लागलेली. मधे गाठोडं आल्यासारखं, पण लागलेली. गंगी खुशीत. "आपल्याला तर कायच येत नाय, वयनी, नुसतं गुंडाळलं."

आमची कलमं वरनं छान दिसतात. पानं चकचकीत. लेप जागच्या जागी. जनी म्हणाली, हात नको लावायला, साहेब येईपर्यंत.

शुक्रवार, ता. १३ फेब्रुवारी
लिहावंसं वाटत नाही पण झोपही येत नाही.

सकाळी पाणी देताना जनीला माझ्या नावाच्या कुंडीवर लेपाला चीर दिसली. तिनं नखानं खरवडलं. वाकून आत बघितलं. मग म्हणाली, "आई, तुम्हाला चढता येईल का?" कधी नाही ते चढले. गुडघे बोंबलले, चढले.

कुसुम तान्ही होती तेव्हा तिच्या पायात चांदीचे वाळे. आजोळचे, म्हणून कुणी काढेना. पोर बाळसं धरायला लागली आणि वाळा मांसात रुतला, वर खाली फुगलं, रडून रडून निळी. तेल लावून काढला शेवटी. तसंच दिसलं मला ते. सूत सालीत रुतलेलं. वरची बाजू सुजलेली, खालची बारीक. सूत कुजलं नाही, ढिलं पडलं नाही, उलट रोज पाणी पिऊन आवळत गेलं. आम्हीच घातलं ते पाणी, दोन्ही वेळा.

गाठ सुटेना. सुटू नये म्हणूनच शिकवतात ती. माशानं कितीही ओढलं तरी.

जनीनं सुरीनं सूत कापलं, एकेक धागा. मांजराच्या नावाच्या कुंडीचं सूत निघालं आणि दोन्ही साली अलग झाल्या. मधे काळं. बाकीच्या तीन अजून चिकटून आहेत असं वाटतं. वाटतं.

दामू खाली उभा होता. विचारलं, "किती?" जनी म्हणाली, "तीन." त्यानं मान हलवली आणि तुकड्याकडे गेला. मला वाटलं खड्डा बुजवायला गेला. नाही. नुसता काठावर बसला होता.

शनिवार, ता. १४ फेब्रुवारी
गंगी आली, तोंडाला पदर लावून. हसणार वाटलं. म्हणाली, "माझ्या चारातलं एक घ्या." जनी म्हणाली, "तुमचं तुम्ही लावा, काकी. मला बांधायला शिकायचंय." गंगी बसून राहिली, मग निम्मं ताक पिऊन गेली.

बुधवार, ता. १८ फेब्रुवारी
पाहुणे आले. साहेब, कमलबेन, बरोबर नवीन एक माणूस छत्रीवाला, त्याचं नाव विचारायचं राहिलं. आम्ही सगळे माचाणाखाली, देवळात उभे राहावं तसे.

साहेब चढले. एकेक कलम फिरवून बघितलं. मग सूत खाली टाकलं, कापलेलं, काळंभोर. "हे कुणी?"
दामू म्हणाला, "मी आणलं."
जनी म्हणाली, "मी बांधलं."
मला गप्प राहवेना. म्हटलं, साहेब, घट्ट बांध म्हणून मीच सांगत होते.
साहेबांना हसू आवरेना, पण रागही असावा थोडा. "घरच्या सगळ्यांनी मिळून गळा दाबला बिचाऱ्याचा."

कमलबेन माझ्याजवळ येऊन बसली. "आजी, झाड जाडं होतं ने. दोरा नाय होत." एवढंच. मला वाटलं, हे माझ्या मेलीच्या ध्यानात कसं नाही आलं. आम्हाला ठाऊक असलेली दोरी न वाढणाऱ्याच गोष्टी धरते. होडी वाढत नाही, खुंटा वाढत नाही.

मांजराची कुंडी गेली. बाकी तिन्हीला साहेब म्हणाले, सांगता येत नाही. फांदी आज पूर्ण नाही कापायची, अर्धीच. अर्धं दूध आईचं, अर्धं आपल्या मुळाचं. टिकली तर मग बाकीची अर्धी. जनीला विचारलं, कापतेस? तिनं कापली, तिन्ही, अर्धी अर्धी. चीक आला पांढरा. या खेपेला एका दमात नाही, थांबत थांबत.

मग परत बांधायचं. सोपट. जनीनं पहिलं बांधलं ते साहेबांनी सोडलं, म्हणाले घट्ट. दुसरं सोडलं. तिसरं सोडलं. छत्रीवाला कंटाळून सावलीत गेला. दामू म्हणाला, "जने, पोरीची वेणी घालतेस तशी." तेव्हा जमलं. साहेबांनी बोट घालून बघितलं आणि खाली उतरले.

जाताना दामूनं विचारलं, परत कधी? साहेबांनी वहीत बघून दिवस सांगितला.

रविवार, ता. २२ फेब्रुवारी
थकवा काही जात नाही. आता पाणी कमी घालायचं, पण दोनदा जाऊन बघायचं, म्हणजे चालणं तेच.

एका कुंडीचं एक पान मान टाकून आहे. जनीच्या नावाच्या. कुसुम म्हणते ती झोपलीय. माझ्या नावाची मात्र ताठ. म्हातारी चिवट.

जनी घरी काठीला सोपट बांधत बसते. बांधते, सोडते, बांधते. बोंबलाची टोपली बाजूला वाट बघत. वास सुटला तरी शुद्ध नाही. काल माझ्या मनगटाला बांधून बघितलं, म्हणाली, आई, हात वळवा. वळवला. "रुततंय?" म्हटलं, नाही. "सुटतंय?" म्हटलं, नाही ग. मग पोरीसारखी हसली. किती दिवसांनी. मी ते सोपट संध्याकाळपर्यंत काढलं नाही, भांडी घासताना आपोआप गेलं.

पांडू तांडेल बंदरावर भेटला दामूला. काय ठरलं विचारलं. दामू म्हणाला, साहेब येऊन जाऊ दे, मग सांगतो. पांडू म्हणाला, "शिमग्यापर्यंत म्हटलं होतं, तोवर जागा तुझी. पण जाळी उकळायला घेतलीत, माणूस लागतो रे." दामूनं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा जनीनं काठी खाली ठेवली नाही.

दुकानातल्या कॅलेंडरवर मी काजळाचं बोट लावून आले. वाणी ओरडला, ओरडू दे. शुक्रवार, ता. १३ मार्च, शिमग्याच्या आधीच. साहेब सकाळच्या गाडीनं घोलवडला उतरून चालत येतो म्हणालेत.