बाबांचा तपकिरी स्वेटर

आई,

लांबूनच तुझ्या पाया पडते. गुडघा कसा आहे? एकटीच आहेस म्हणून जेवण टाळत नाहीस ना?

बाबांचा कुत्रा माझ्याकडे रुळतोय. पहिल्याच दिवशी माझ्या मांजरीने त्याच्या नाकावर पंजा मारला आणि एवढा धिप्पाड गडी पलंगाखाली जाऊन बसला! जनावरांचे डॉक्टर म्हणाले, घाई नको. दोघांना वेगवेगळ्या खोलीत ठेवा, आधी एकमेकांचं अंथरूण हुंगू द्या.

त्याचं अंथरूण म्हणजे बाबांचा तो तपकिरी स्वेटर. मी पडले तुझी लेक. मांजरीला मळकं कसं द्यायचं, म्हणून गरम पाण्यात स्वच्छ धुऊन दिला.

मांजर आता निवळलीय, त्याच्या शेजारी बसते. पण बाबा गेल्यापासून त्या स्वेटरवर शांत झोपणारा तो, आता स्वेटर हुंगतो आणि उठून दाराशी जाऊन बसतो.

काळजी करू नकोस, खातो व्यवस्थित. फक्त बाबांचा एखादा न धुतलेला सदरा राहिला असेल, तर तसाच पाठव. कुत्र्यासाठी मागतेय गं, माझ्यासाठी नाही.

तुझी,
धुण्याची घाई करणारी धाकटी